पायाखालची जमीन

आधुनिक नृत्याच्या इतिहासात निसर्गाचे नाव घेतले नाही असा कालखंड सापडणे कठीण. इसाडोरा डंकनने आपली हालचाल समुद्राच्या लाटांकडून घेतली असे सांगितले, पण ती नाचली निळ्या पडद्यांपुढे. १९१३ साली पॅरिसमध्ये निजिन्स्कीने बसवलेल्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’मध्ये वसंतासाठी एका मुलीचा बळी जातो. प्रेक्षकांनी त्या रात्री नाट्यगृह डोक्यावर घेतले, तरी नर्तकांच्या पायांखाली होत्या त्या रंगमंचाच्या सपाट फळ्याच. निसर्ग हा विषय असणे आणि नर्तकाच्या शरीराला निसर्गाशी प्रत्यक्ष झुंजावे लागणे यांत फार अंतर आहे, आणि नृत्याचे निसर्गाशी असलेले नाते विषयापेक्षा पायाखालच्या जमिनीवर ठरते, असे माझे म्हणणे आहे. याचा सर्वांत स्वच्छ पुरावा त्याच संगीतरचनेने दिला. १९७५च्या डिसेंबरात जर्मनीतल्या वुपरतालमध्ये पिना बाउशने ती पुन्हा बसवली आणि नेपथ्यकार रोल्फ बोर्झिकने रंगमंचभर दलदलीतल्या काळ्या मातीचा थर पसरला. संगीत स्ट्राविन्स्कीचेच, बळीची गोष्टही तीच. मात्र आता पाय रुतत होते, घामाने माती अंगाला चिकटत होती, धाप लपवता येत नव्हती. थकव्याचा अभिनय करायची गरजच उरली नाही.

बाउशने माती नाट्यगृहात आणली. अ‍ॅना हाल्प्रिनने त्याआधी वीस वर्षे नाट्यगृहच सोडले होते, म्हणून मला तिचे काम अधिक मूलगामी वाटते. विस्कॉन्सिन विद्यापीठात ती जीवशास्त्रातून नृत्याकडे वळलेल्या मार्गारेट हडब्लर यांच्याकडे शिकली होती. हाडे-सांधे कसे चालतात हे आधी समजून घ्यायचे, सुंदर दिसण्याचे नंतर पाहू, ही तिथली शिस्त. १९५४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, टॅमलपायस डोंगराच्या उतारावर तिच्या पतीने, भूदृश्य-रचनाकार लॉरेन्स हाल्प्रिनने, प्रकाशयोजनाकार आर्च लाउटरर यांच्या मदतीने घराखालच्या झाडीत लाकडी नृत्यमंच उभारला. रेडवुड आणि मॅड्रोनची झाडे जशी होती तशी राखून त्याचा वेडावाकडा आकार ठरला. त्याला भिंती नाहीत, विंगा नाहीत. नर्तकाने कुठे तोंड करायचे हे ठरवणारी नाट्यगृहाची चौकट गेली की पाठ शिकवलेल्या मुद्रा लगेच उपऱ्या वाटू लागतात, कारण शेजारी वाऱ्याने हलणारी फांदी काहीच सादर करत नसते. १९६०च्या उन्हाळी कार्यशाळेला सिमोन फोर्टी, इव्हॉन रेनर, ट्रिशा ब्राऊन याच मंचावर होत्या. नेमून दिलेले साधे काम शरीराने करायचे, एखादी गोष्ट दीर्घकाळ निरखायची आणि तिच्यातून हालचाल शोधायची, हा तिथला अभ्यास. दोनच वर्षांनी न्यूयॉर्कच्या जडसन चर्चमध्ये यांतल्या रेनर आणि ब्राऊन चालणे, वाकणे, उचलणे यांनाच नृत्य म्हणत उभ्या राहिल्या. १९७०मध्ये ट्रिशा ब्राऊनने एका माणसाला दोराच्या आधाराने इमारतीच्या भिंतीवरून आडवे चालत खाली उतरवले. तिथे एकही झाड नव्हते, पण गुरुत्वाकर्षण होते, आणि तेही निसर्गच.

यावर कुणी म्हणेल, की तो मंचही माणसाने बांधलेला, खासगी मालकीचा आणि सुखवस्तू. हे खरेच आहे. तरी झाडांना जागा देऊन आखलेली लाकडी जमीन आणि झाडांचे चित्र रंगवलेला पडदा यांत फरक राहतोच. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. १९१७च्या ऑगस्टमध्ये रुडॉल्फ लाबानने स्वित्झर्लंडच्या मोंते वेरिता टेकडीवर मावळत्या सूर्यापासून उगवत्या सूर्यापर्यंत चालणारा नृत्योत्सव उघड्यावर केला. जमीन खरी, सूर्य खरा. हाच लाबान पुढे नाझी राजवटीत जर्मन नृत्याचा सूत्रधार झाला आणि १९३६च्या ऑलिंपिकसाठी त्याने हजार जणांचे समूहनृत्य बसवले. गोबेल्सने ते तालमीतच बंद पाडले, पण माती आणि मानवसमूह यांची ही सांगड किती सहज सत्तेच्या कामी येते हे तोवर दिसून गेले होते. तेव्हा माझ्या म्हणण्याला मर्यादा घालायला हवी: जमीन नाते जोडते, पण हालचाल कुणी ठरवायची हा प्रश्न ती सोडवत नाही. लाबानच्या समूहात आराखडा एकाचा होता. हाल्प्रिनच्या मंचावर उत्तर ज्याचे त्याला शोधावे लागे.

आपल्याकडचा वाचक आणखी एक गोष्ट विचारील, आणि ती विचारायलाच हवी. डहाणू-जव्हारच्या वारली पाड्यांवर भात तयार झाले की भोपळ्याच्या तारप्याभोवती स्त्री-पुरुष मोकळ्या मातीवर फेर धरतात. मग कॅलिफोर्नियात नवे ते काय सापडले? नवे म्हणावे असे फारसे नाही. तारप्यामागे शेतीचे वेळापत्रक आहे, देव आहेत, गाव आहे. हाल्प्रिनपाशी यांतले काही नव्हते, म्हणून तिला एकेक नियम हाताने घडवावा लागला. १९८०च्या सुमारास टॅमलपायसच्या पायवाटांवर स्त्रियांचे खून झाले आणि लोकांनी डोंगर सोडला, तेव्हा १९८१मध्ये तिने लोकांना घेऊन नाचत तो डोंगर परत मिळवण्याचा विधी रचला. थोड्याच काळात खुनी पकडला गेला. त्याचे श्रेय नृत्याला देणे भाबडेपणाचे होईल. भीतीने सोडलेल्या वाटांवर माणसे पुन्हा चालू लागली, एवढे श्रेय मात्र निश्चित द्यावे. हा विधी पुढे दरवर्षी होत राहिला. हाल्प्रिन २०२१मध्ये शंभराव्या वर्षी वारली.

आज नदी, जंगल, हवामान यांवर नृत्य बसवणाऱ्या आपल्या तरुण मंडळींनी पोशाख आणि प्रकाशयोजना ठरवण्याआधी निदान काही तालमी नदीकाठी, जंगलात, उघड्या जमिनीवर घ्याव्यात, आणि त्या जमिनीने जी हालचाल नाकारली ती रचनेतून काढून टाकावी.