गढूळ आणि संथ : काही रुमानियन शब्दांवर भाष्य

रुमानियन साहित्य मराठी वाचकाकडे येते ते बहुतेक इंग्रजीच्या वाटेने. मधल्या इंग्रजी शब्दाने मूळ शब्दाचे काय केले, हे म्हणूनच अनुवादकाला तपासावे लागते. त्यासाठी मी गोंधळ आणि शांतता या दोन टोकांचे शब्द निवडले आहेत. ओळीत आधी इंग्रजी शब्द, मग त्याचा रुमानियन प्रतिशब्द, आणि खाली भाष्य. माझा मुद्दा असा की कोशात पहिला सापडणारा प्रतिशब्द पुष्कळदा एकोणिसाव्या शतकात फ्रेंचमधून आलेला असतो. रुमानियन माणूस घरात, बाजारात, दवाखान्यात ज्या शब्दाने बोलतो, तो त्याच्या मागे शोधावा लागतो.

केऑस : हाओस.

दोन्हींचे मूळ ग्रीक. हेसिअडच्या काव्यात सृष्टीच्या आरंभी ‘खाओस’ येतो, तेव्हा त्याचा अर्थ गोंधळ नसतो. आ वासलेली पोकळी असा असतो. सगळ्या द्रव्यांची सरमिसळ हा अर्थ रूढ झाला तो पुढे, आणि त्यात रोमन कवी ओव्हिडचा मोठा हात आहे. सतराव्या शतकात फान हेल्मोंट या फ्लेमिश रसायनज्ञाने याच शब्दावरून ‘गॅस’ हा शब्द घडवला.

‘हाओस’ हा रुमानियनमध्ये वर्तमानपत्राचा शब्द आहे. वाहतुकीत हाओस, मंत्रिमंडळात हाओस. घरातल्या पसाऱ्यासाठी मात्र ‘व्राइश्ते’ म्हणतात, आणि हाच शब्द सताड उघड्या दारालाही लावतात. दार व्राइश्ते, खोलीही व्राइश्ते. वासलेले आणि विस्कटलेले हे दोन अर्थ ग्रीक शब्दात काळाच्या ओघात एकामागून एक आले. व्राइश्तेमध्ये ते एकाच वेळी नांदतात. ग्रीक शब्दाशी त्याचे काही नाते नाही, तरी ‘खाओस’चा जुना अर्थ समजावून सांगायला मला याहून चांगले उदाहरण सापडत नाही.

मेस : ताल्मेश-बाल्मेश.

मराठी विद्यार्थ्याला ‘मेस’ शब्द जेवणापुरताच ठाऊक असतो, आणि त्याचे हे ज्ञान इंग्रजांच्या आजच्या वापरापेक्षा जुने आहे. जुन्या फ्रेंचमधला ‘मेस’ म्हणजे ताटात वाढलेला पदार्थ. पुढे कालवलेले अन्न, मग नुसता काला, आणि एकोणिसाव्या शतकात पसारा.

रुमानियन जोडशब्दाच्या उत्तरार्धात मला ‘बाल्मोश’ ऐकू येतो. बाल्मोश हे डोंगरातल्या मेंढपाळांचे अन्न आहे. मेंढीच्या दुधाचे ताजे चीज किंवा दाट साय कढईत तापवतात, त्यात मक्याचे पीठ घालतात आणि लोणी सुटून कडेला दिसू लागेपर्यंत हाटत राहतात. सगळे एकजीव झाल्याखेरीज कढई उतरवत नाहीत. ‘ताल्मेश-बाल्मेश’मध्ये राग नाही, कपाट उपसल्यावर किंवा कुणी पाच विषय एका दमात सांगितल्यावर हा शब्द तोंडून निघतो. मराठीत ‘सावळागोंधळ’ लिहिला तर त्यात ठपका येतो. ‘काला’ बरा.

बेडलम : बालामुक.

या ओळीवर थांबावे लागेल. इंग्रजी आणि रुमानियन यांनी एकमेकींकडे न पाहता इथे एकच गोष्ट केली आहे.

लंडनमध्ये बिशप्सगेटच्या वेशीबाहेर 1247 साली बेथलेहेमच्या मेरीच्या नावाने मठ स्थापन झाला. त्याचे रुग्णालय झाले, आणि चौदाव्या शतकापासून तिथे वेड लागलेल्यांना ठेवू लागले. लोकांच्या तोंडी बेथलेहेमचे बेडलम झाले. 1676 मध्ये रॉबर्ट हूकने आखलेल्या मूरफील्ड्सच्या भव्य इमारतीत ते हलले. तिथे शहरातले लोक रुग्ण पाहायला हौसेने जात. शब्द मग भिंती ओलांडून बाहेर पडला आणि कुठल्याही कलकलाटाला लागू लागला.

बुखारेस्तच्या उत्तरेकडच्या रानात बालामुच नावाचा छोटा मठ होता. एकोणिसाव्या शतकात तिथेही मनोरुग्णांना ठेवत असत, आणि त्या नावावरून ‘बालामुक’ हा शब्द आला. आज वर्गात मुले आरडाओरड करू लागली की शिक्षिका म्हणते, काय बालामुक मांडलाय! मठ, मठातले रुग्ण आणि त्यांचे हाल त्या वाक्यात कुणाच्या मनात नसतात.

मराठीत येरवडा आणि ठाणे या गावांच्या नावांचे असेच होऊ लागले होते. तिथल्या रुग्णालयांमुळे ‘याला येरवड्याला पाठवा’ हे चेष्टेत रुळले. पण येरवडा हा गोंधळाचा प्रतिशब्द झाला नाही, आणि झाला नाही हे चांगले झाले. आजारी माणसांच्या ओरडण्याला गोंगाटाचे माप करणे ही भाषेने केलेली क्रूरता आहे, मग शब्द कितीही जुना असो. अनुवादकाला इथे ‘वेड्यांचा बाजार’ सहज सुचतो. संदर्भ केवळ मुलांच्या दंग्याचा असेल तर ‘धुडगूस’ लिहावा.

डिसॉर्डर : देझोर्दिने.

कोशातला हा प्रतिशब्द फ्रेंच घडणीचा आणि नेटका आहे. रांग मोडली, क्रम बिघडला, एवढेच तो सांगतो. जुन्या रुमानियनमध्ये यासाठी ‘नेओरिंदुयाल’ आहे. त्यातला ‘रिंद’ म्हणजे रांगच, पण स्लाव्ह मुळाची.

खरी फारकत दिसते ती वैद्यकात. इंग्रजी डॉक्टर जिथे ‘बायपोलर डिसॉर्डर’ म्हणतो, तिथे रुमानियन डॉक्टर ‘तुल्बुरारे बिपोलार’ लिहितो. ‘तुल्बुरे’ म्हणजे गढूळ. पावसानंतरची नदी तुल्बुरे असते. पुरती न आंबलेली, गाळ खाली न बसलेली नवी वाइन शरदात पितात, तिला ‘तुल्बुरेल’ म्हणतात. मूळ लॅटिन, आणि त्याच मुळाचा एक फाटा फ्रेंचमधून इंग्रजीत जाऊन ‘ट्रबल’ झाला. त्यातले पाणी मात्र इंग्रजी बोलणाऱ्याला आता जाणवत नाही.

म्हणजे इंग्रजीत मनाची मांडणी मोडते आणि रुमानियनमध्ये मन ढवळले जाते. मला दुसरी कल्पना रुग्णाच्या बाजूची वाटते, कारण ढवळलेले पाणी निवळू शकते. मराठीतला ‘विकार’ या दोन्हींहून वेगळा: त्यात मूळ रूप बदलल्याची सूचना आहे. वैद्यकीय मजकुरात ‘विकार’च ठेवावा. पण कथेतल्या पात्राला आपल्या तुल्बुरारेविषयी बोलायचे असेल, तर ‘मन गढूळ झालंय’ हे मराठीत चपखल बसते, फक्त त्यातून किल्मिषाचा अर्थ निघणार नाही एवढे पाहावे लागते.

याच धातूपासून ‘तुल्बुरातोर’ येतो. चांगल्या नाटकाला, एखाद्या पत्राला ते विशेषण लावतात. अर्थ हेलावून टाकणारे. ढवळणे दर वेळी वाईट नाही. कायद्यात मात्र ते गुन्हाच आहे: रुमानियन दंडसंहितेत सार्वजनिक सुव्यवस्था आणि शांतता ‘गढूळ करणे’ असे कलमाचे शीर्षकच आहे.

काऽम : काल्म.

इंग्रजीत ‘ल’ लिहितात पण उच्चारत नाहीत. रुमानियनमध्ये तो स्पष्ट ऐकू येतो. बहुतेक व्युत्पत्तिकार हा शब्द ग्रीक ‘काउमा’पर्यंत नेतात, आणि त्याचा अर्थ आहे रणरणते ऊन. भर दुपारी कामे थांबतात, माणसे सावलीला पडतात, समुद्रही निपचित होतो. उन्हाच्या शब्दातून विसाव्याचा शब्द निघाला तो असा. रुमानियाच्या 1991 च्या 61 क्रमांकाच्या कायद्यात शेजाऱ्यांच्या शांततेसाठी रात्री 10 ते सकाळी 8 ही वेळ राखली आहे, आणि शिवाय दुपारी 1 ते 2. त्या तासात इमारतीत कुणी ड्रिल लावले तर शेजारी कायद्याचे नाव घेतात.

पण त्या कायद्यातला शब्द ‘काल्म’ नाही, ‘लिनिश्ते’ आहे. रुमानियन शांततेचा गाभा तोच. ‘लिन’ म्हणजे संथ. दान्यूब लिन वाहते. हे मूळ लॅटिन, पुढचा ‘-इश्ते’ हा प्रत्यय स्लाव्ह. तोच प्रत्यय मक्याच्या किंवा भांगेच्या शेताच्या नावातही लागतो. त्यामुळे लिनिश्ते ही केवळ आवाजाची अनुपस्थिती वाटत नाही. जिथे उभे राहता येईल असे ठिकाण वाटते. घाबरलेल्या माणसाला ‘स्ताय लिनिश्तित’ म्हणतात. कोशकार त्याचा अर्थ ‘शांत राहा’ देतील. मराठीत आपण ‘निश्चिंत अस’ म्हणतो.

क्वाएट : लिनिश्ते.

कोशाने पुन्हा तोच शब्द दिला, आणि त्यात इंग्रजी शब्दाचा सख्खा भाऊ झाकला गेला. लॅटिन ‘क्विएतुस’पासून इंग्रजीत ‘क्वाएट’ आला आणि रुमानियनमध्ये ‘इंचेत’. (पहिला स्वर मराठीत नाही, इ आणि उ यांच्या मधला, घशाकडे ओढलेला.) इंचेत बोलणे म्हणजे खालच्या आवाजात, इंचेत चालणे म्हणजे सावकाश. इंग्रजी अनुवादकाला इथे दोन शब्दांतून एक निवडावा लागतो. मराठीला नाही: हळू बोल, हळू चाल.

सिरीन : सेनिन.

निरभ्र आकाश. मनालाही लावतात. अचानक काही घडले तर ‘दिन सेनिन’, म्हणजे निरभ्र आकाशातून.

इंग्रजी शब्द नाही : तिह्न.

स्लाव्ह मूळ. घाई नसलेला, मध्ये कुणी न येणारा निवांतपणा. कोशात ‘पीस’, ‘लेझर’, ‘रेस्ट’ असे तीन-चार शब्द एकापुढे एक देतात, म्हणजे एकही पुरा पडत नाही. त्याचे क्रियापदही आहे, आणि ते बहुधा जेवणाच्या, सुट्टीच्या संदर्भात येते. ताटावर बसल्याबसल्या घरात भांडण झाले तर रुमानियन म्हणेल, ‘नू मी-आ तिह्नित मिंकारेआ’. ‘नू’ म्हणजे नाही, ‘मी’ म्हणजे मला, ‘मिंकारेआ’ म्हणजे जेवण. कर्ता जेवण आहे, जेवणारा चतुर्थीत. इंग्रजीला इथे जेवणाऱ्याला कर्ता करावे लागते आणि ‘शांतपणे जेवता आले नाही’ असे फिरवून सांगावे लागते. तो अनुवाद समोर ठेवला तर मराठीतही ‘मी शांतपणे जेवू शकलो नाही’ असेच उतरते. रुमानियन वाक्य सरळ समोर ठेवले तर मात्र ‘मला जेवण गोड लागलं नाही’ हे पदोपदी जुळते: कर्ता तोच, विभक्ती तीच, आणि चवीशी काही संबंध नसताना चवीचा उल्लेख करण्याची मराठीची सवय इथे उपयोगी पडते.