माळ कोणाचा?

अहमदनगरहून पुण्याकडे निघाले की शहराला लागूनच केडगाव लागते. रेणुकामातेचे हे ठाणे आज महानगरपालिकेच्या हद्दीत आहे, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना वस्ती दाटली आहे. पण तेथून पुढे पारनेर, श्रीगोंदे, कर्जत असे कोणत्याही दिशेने गेले तरी हा जिल्हा आपले मूळ रूप दाखवतो. वर्षाकाठी साधारण 500 ते 600 मिलिमीटर पाऊस, मुरमाड जमीन, खुरटे गवत, मधूनच एखादी बाभूळ किंवा बोर. त्याला आपण माळ म्हणतो. महसुली दप्तर त्यालाच ‘पोटखराबा’, ‘मुलकी पड’ किंवा फार तर ‘गायरान’ म्हणते. एकाच भूमीच्या या दोन नावांमध्ये जे अंतर आहे, त्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

दख्खनच्या लोकधर्मातून माळ वजा केला तर फारसे काही उरणार नाही. खंडोबाची म्हाळसा याच जिल्ह्यातल्या नेवाशाची, वाण्याची लेक. आणि बाणाई चंदनपूरची, धनगराची लेक. देव तिच्यासाठी मेंढरे राखायला राहिला, असे लोककथा सांगते. बाजारपेठेचे गाव आणि मेंढपाळांचा माळ अशी दोन जगे या देवाच्या संसारात एकत्र आली आहेत. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (1984) या ग्रंथात विठ्ठलाची पाळेमुळेही गोपालक-धनगरांच्या परंपरेत शोधली. गुंथर सोंथायमर हा जर्मन पंडित धनगरांच्या वाड्यांवर हिंडून बिरोबा-म्हसकोबाच्या ओव्या ऐकत राहिला. या देवतांवरचा त्याचा जर्मन ग्रंथ 1976 साली निघाला. ज्याला दप्तर पडीक म्हणते, ते वास्तविक एका संस्कृतीचे माहेर आहे, हे या अभ्यासकांच्या कामातून स्पष्ट होते.

हे माहेर केवळ ओव्यांपुरते नाही. पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीचे धनगर पावसाळ्यानंतर मेंढरे घेऊन घाट उतरतात आणि पुढचा पाऊस सुरू होण्यापूर्वी माळावर परततात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो; त्याला खत मिळते, धनगराला धान्य किंवा पैसे. पाऊस ज्या प्रदेशात बेभरवशाचा असतो, तेथे हलत राहणे हेच शहाणपण ठरते.

या व्यवस्थेला पहिला धक्का इंग्रजी अमलात बसला. 1830 च्या दशकात इंदापुरापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमिनीची नवी मोजणी व प्रतवारी सुरू केली. जमिनीची किंमत पिकावरून आणि साऱ्यावरून ठरू लागली. जेथे नांगर चालत नाही ती जमीन निरुपयोगी ठरली. पुढे 1878 च्या वनकायद्याने राखीव रानातली चराई ही सरकारच्या मेहेरबानीची गोष्ट झाली. स्वातंत्र्यानंतरही ही दृष्टी फारशी बदलली नाही. 1979 मध्ये माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतील सुमारे 8,496 चौरस किलोमीटर क्षेत्राचे अभयारण्य जाहीर झाले. हेतू चांगला होता, पण नकाशावरची ती रेषा वरून ओढलेली होती. गावेच्या गावे तिच्या आत आली आणि जमिनीच्या व्यवहारांवरचे निर्बंध तेवढे लोकांच्या लक्षात राहिले. पुढे हे क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणावे लागले. ज्या समाजाचे जगणे माळावर अवलंबून होते, त्याला संरक्षणाचा भागीदार करण्याचे मात्र राहूनच गेले.

याच्या उलट घडलेले एक उदाहरण दूरच्या न्यू मेक्सिकोत सापडते. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडचा हा वाळवंटी प्रांत 1848 च्या तहाने मेक्सिकोकडून अमेरिकेकडे आला. तेथल्या स्पॅनिशभाषक वसाहतींना पूर्वीच्या राजवटींनी जमिनी दिल्या होत्या. शेताचे तुकडे कुटुंबांचे, आणि भोवतालचे कुरण साऱ्या गावाचे, अशी ती रीत. आपल्या गायरानाशी तिचे नाते सहज ध्यानात यावे. 1897 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा समाईक जमिनीवरचा गावाचा हक्क नाकारला आणि ती सरकारची ठरवली. एवढा जुना सल असूनही, 2013 मध्ये रिओ ग्रांदे देल नोर्ते हा सुमारे 2,42,500 एकरांचा प्रदेश राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाला तेव्हा या समाजातल्या अनेकांनी त्याला पाठिंबा दिला होता. चराई, सरपण आणि पिन्योन झाडाच्या बिया गोळा करणे हे परंपरागत व्यवहार तेथे चालू राहणार होते. जमीन परत मिळाली नाही. पण तिच्याशी असलेले नाते मान्य झाले.

अर्थात ही तुलना ताणण्यात अर्थ नाही. आपल्याकडे गायरानावर एकट्या मेंढपाळाचा दावा नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1964 मध्ये भूमिहीनांनी जो सत्याग्रह केला, त्याच्या मुळाशी हीच पडीक सरकारी जमीन होती, आणि ज्यांना गावाने कधी वीतभर जमीन दिली नाही त्यांची ती मागणी न्याय्य होती. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून आपले डोंगर हिरवे केले, हेही खरे. पण गावाची बंदी गावकऱ्यांच्या संमतीने होते. वाटेवरच्या धनगराला त्या ग्रामसभेत जागा नसते. 2006 च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे. परंतु महाराष्ट्रातले धनगर अनुसूचित जमातींत मोडत नसल्याने त्यांना तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्यांचे वास्तव्यच चालण्यात आहे, त्यांनी कागद कोठून आणावा? शिवाय महसूल खात्याच्या ताब्यातला, वन म्हणून न नोंदलेला माळ या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहतो.

2024 मध्ये या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्याबाई जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या, धनगर घरातल्या. नाव देण्यामागची आदराची भावना कोणी नाकारणार नाही. परंतु जिल्ह्याच्या पाटीवर ज्यांच्या लेकीचे नाव आले, त्यांच्या वाटा आणि त्यांची कुरणे दप्तरात अजून पडीकच आहेत. माळ राखायचा असेल तर तो कोणापासून राखायचा हे ठरवण्याआधी कोणाच्या साथीने राखायचा, हे ठरवावे लागेल. त्याची सुरुवात सातबाऱ्यावरचा तो एक शब्द बदलण्यापासूनही करता येईल.