धूर न्यायाधीशांच्या घरापर्यंत

8 जून 2002, शनिवार. दुपार कलली आहे आणि तुम्ही कोलोरॅडोत, लेक जॉर्ज गावाजवळच्या पाइक नॅशनल फॉरेस्टमध्ये उभे आहात. पायाखाली पॉन्डेरोसा पाइनच्या सुयांचा थर करकरतो. यंदा बर्फ जेमतेमच पडलं, वसंतातला पाऊस आलाच नाही. मेलेली खोडं लाकडाच्या वखारीत वाळवलेल्या फळीइतकी कोरडी झाली आहेत. जंगलात शेकोटी पेटवायला सक्त मनाई आहे.

तुम्ही दहा मिनिटं उशिरा पोचला आहात. मुद्दामच. काडी ओढली गेली ते क्षण पाहण्याची सोय या प्रवासात नाही. पुढे वकील, तपासनीस, न्यायाधीश सगळे त्याच क्षणांभोवती फिरणार आहेत, मग तुम्हालाच वेगळी सवलत कशाला?

समोर दगडांचं कडं रचलेली शेकोटीची जागा आहे आणि कड्याबाहेर गवत पेटलेलं आहे. एक बाई वायरलेसवर आगीची खबर देते आहे. अंगावर वनखात्याचा गणवेश. शेकोटीबंदी पाळली जाते का हे बघत हिंडणं हीच तिची आजची कामगिरी. ती सांगते की धुराचा वास आला म्हणून इकडे आले. तुम्ही तिच्यावर विश्वास ठेवता. त्या संध्याकाळी सगळ्यांनीच ठेवला.

अंधार पडेपर्यंत विमानं आणि हेलिकॉप्टरं येऊन जातात, माणसं आग अडवणारा मोकळा पट्टा, म्हणजे जाळरेषा, खणतात. आग मात्र त्यांना जुमानत नाही. जवळच्या एका उजाड झालेल्या खाणगावावरून तिचं नाव पडतं, हेमन.

रविवारी सकाळी ईशान्येला, चीझमन तलावाच्या काठी या. डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठ्याचं हे धरण 1905 सालचं. भोवतालच्या रानात तेव्हापासून कुऱ्हाड चालली नाही, म्हणून संशोधक इथे झाडांच्या वर्तुळांमधले जुन्या आगींचे डाग वाचायला येत. ते डाग सांगतात की पूर्वी इथे काही दशकांच्या अंतराने आग येई, खालचा पाला आणि रोपटी खाऊन जाई, बरीचशी मोठी झाडं वाचत. विसाव्या शतकात माणसाने प्रत्येक ठिणगी विझवायचा चंग बांधला आणि मोकळ्या रानाच्या जागी झाडांची गचडी झाली. हे आरोपपत्रात कुठेच येणार नाही. कुणाला आरोपी करणार? शंभर वर्षांच्या सद्‌हेतूला?

दुपारी नैर्ऋत्येचा वारा सुटतो. हवेतली आर्द्रता दहा टक्क्यांच्याही खाली. आता आग जमिनीवरून चालत नाही, शेंड्याशेंड्यांवरून धावते. जळती सालं वाऱ्यावर पुढे उडतात आणि मुख्य आग पोचण्याआधीच नव्या आगी लावतात. जाळरेषा कितीही रुंद असो, तिच्या डोक्यावरून सगळं निघून जातं. धुराचा खांब इतका उंच जातो की वर त्याचा ढग बनतो. त्या एका दिवसात आग साउथ प्लॅट नदीच्या खोऱ्याने सुमारे 30 किलोमीटर धावली आणि जवळपास 60,000 एकर घेऊन गेली. संध्याकाळी डेन्व्हरमध्येही हवेला जळक्याचा वास आहे.

पुढचे आठवडे भरभर ओलांडा. हजारो लोकांनी घरं सोडली. 133 घरं गेली. ओरेगॉनहून मदतीला निघालेले पाच अग्निशामक वाटेत गाडीच्या अपघातात मेले. जुलैत आग आटोक्यात आली तेव्हा सुमारे 1,38,000 एकरांवर राख होती. 2020 पर्यंत कोलोरॅडोने याहून मोठा वणवा पाहिला नाही.

पण 16 जूनला थांबायलाच हवं. त्या दिवशी गणवेशातली ती बाईच पकडली गेली. तिने सांगितलं, दुरावलेल्या नवऱ्याचं पत्र मी कड्यात जाळलं, आग निसटली. पत्राची गोष्ट तपासनिसांना पटली नाही. सरकारी पक्षाच्या मते जागा अशी मांडली होती, की शेकोटी आपोआप पसरली असं वाटावं. तुम्हाला काय वाटतं? तुम्ही तर तिथे होतात. फक्त दहा मिनिटं उशिरा.

खटला उभा राहिलाच नाही. जंगलाला आग लावली आणि तपासात खोटं बोलले, एवढं तिने केंद्राच्या न्यायालयात कबूल केलं आणि 2003 मध्ये सहा वर्षांची कैद घेतली. राज्याच्या न्यायालयात जाळपोळीचा वेगळा गुन्हा होता. तिथेही कबुली दिली, आणि न्यायाधीशांनी बारा वर्षं ठोठावली. नेहमीच्या कमाल शिक्षेच्या ही दुप्पट.

आता त्या न्यायाधीशांकडे नीट बघा. वणव्याच्या दिवसांत धुरामुळे एक रात्र त्यांनी स्वतःचं घर सोडलं होतं. अपिलात हाच मुद्दा पुढे आला. ज्याच्या घरात त्या आगीचा धूर शिरला तो माणूस तिच्याबद्दल निष्पक्ष आहे असं लोकांना दिसेल का? वरच्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली. घर जळालेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल, याची कल्पना मला करता येते. तरी निकाल मला बरोबर वाटतो. ज्या जिल्ह्यात सगळ्यांनीच तो धूर गिळला, तिथे न गिळलेला माणूस शोधणं हेच न्यायालयाचं काम होतं.

2008 मध्ये दुसऱ्या न्यायाधीशांनी पंधरा वर्षांचं प्रोबेशन आणि 1,500 तास समाजसेवा दिली. त्याच वर्षी ती केंद्राच्या तुरुंगातून सुटली. तोवर उघड्या पडलेल्या डोंगरउतारांवरची ग्रॅनाइटची भुकटी प्रत्येक सरीबरोबर चीझमन तलावात उतरत होती. हेमन आणि त्याआधीचा 1996 चा बफेलो क्रीकचा वणवा, या दोहोंनंतर गाळ उपसण्यावर आणि खोरं सावरण्यावर डेन्व्हरच्या पाणीखात्याने अडीच कोटींहून जास्त डॉलर घातले.

एकट्या केंद्राच्या निकालात तिच्यावर नुकसानभरपाई होती 1 कोटी 46 लाख डॉलर. हिशेब करून बघा. महिन्याला हजार डॉलर दिले तरी फिटायला बाराशे वर्षं लागतील. शेवटचा थांबा 2018, पुन्हा न्यायालय. रक्कम फिटलेली नाही, म्हणून न्यायाधीश प्रोबेशन वाढवतात. आणखी पंधरा वर्षं.