लेकरं निजतील अशी गाडी

भाऊबीज आटोपली की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. आज एका गावची मंडई, उद्या दुसऱ्या गावची. दिवसा बाजार आणि पाहुण्यांची वर्दळ, रात्री दंडार किंवा नाटक. लाखनीच्या परिसरातले लोक आता मोटारसायकलने जातात आणि लेकरे पेंगू लागली की नाटक अर्धे टाकून परततात. माझ्या लहानपणी, १९७०च्या दशकात, मंडईला जायचे ते बैलबंडीने. नाटक पहाटेपर्यंत चाले. मोठी माणसे मंडपात आणि आम्ही पोरेसोरे मंडपाबाहेर सोडलेल्या बंडीत, तणसीवर अंथरलेल्या गोधडीत. पेटीचे सूर ऐकता ऐकता केव्हा झोप लागे ते कळत नसे. जाग येई तेव्हा बंडी घराच्या वाटेला लागलेली असे.

हे सारे पुन्हा आठवले ते पुण्याच्या भाचीच्या फोनमुळे. तिला दिवाळीला कॅराव्हॅन भाड्याने घेऊन लाखनीला यायचे होते. थोरला सहा वर्षांचा, धाकटी अडीच वर्षांची. ती म्हणाली, "मामा, तुम्ही जुन्या गाड्यांच्या नोंदी करत फिरता ना? मग सांगा, लहान मुलांना घेऊन जायचे तर कोणत्या प्रकारची गाडी बरी?" तिने थट्टेने विचारले होते. पण या प्रश्नावर आमच्या घरात फार पूर्वी एकदा भांडण झाले होते, आणि ते थट्टेचे नव्हते.

आधी गाड्यांचे प्रकार सांगतो. पूर्व विदर्भात बैलगाडी ही एकच वस्तू नव्हती. धान, तणस, लाकूड, शेणखत वाहायची ती लांब, जड बंडी. दोन-तीन माणसांनी लवकर पोहोचायचे तर हलकी रेंगी. वर छत आणि बाजूंना पडदे असलेली दमणी मालगुजारांच्या आणि सधन घरांच्या दारी असे. दर दहा कोसांवर नावे बदलतात. कुठे खाचर म्हणतात, कुठे खासर, कुठे छकडा. जुन्या वर्णनांत वाटणी मात्र सरळ केलेली असते: बंडी मालासाठी, रेंगी आणि दमणी माणसांसाठी. ही वाटणी वाचून वाटते की कुटुंब रेंगीने जात असेल आणि ज्यांना रेंगी परवडत नाही ते बिचारे बंडीने. मीही बरीच वर्षे तसेच समजत होतो.

आमच्या घरी दोन्ही होत्या. आजोबांना रेंगीचा भारी षौक. बैल चपळ, गळ्यात घुंगरांची माळ, गावातून निघाले की लोक वळून पाहत. १९४०च्या दशकातली गोष्ट. मंडईहून रात्री परतताना रेंगी एका घळीत आदळली आणि आजीच्या मांडीवर पेंगत असलेली चार वर्षांची माझी आत्या खाली पडली. चाक अंगावरून गेले नाही, पण मांडीचे हाड मोडले. जुळले ते वाकडे. आत्या जन्मभर लंगडत चालली. आजीने त्यानंतर रेंगीत पाय ठेवला नाही. मंडईचा विषय निघाला की तिचे एकच वाक्य असे: "लेकरं निजतीन अशी गाडी जुपा, नाई तं तुमी एकटेच जा."

पुढे गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांशी आणि सुतारांशी बोलताना कळले की हे शहाणपण आमच्या आजीचे एकटीचे नव्हते. रेंगी दारात असूनही लेकुरवाळी बाई बंडी जुंपायला लावी. त्यामागे हिशेब होता. रेंगीची बैठक आखूड आणि थेट आसावर. चाकाला बसलेला प्रत्येक धक्का बसणाऱ्याच्या कण्यात जातो. धरून बसता येते, निजता येत नाही. आणि लहान मूल धरून बसत नाही. बंडी लांब असते. तिला दोन्ही बाजूंनी बांबूचे तट्टे लावले की वाफ्यासारखी जागा होते. तळाशी हातभर तणस घातली की धक्का तणस खाते. ऊन-पावसासाठी वर बांबूच्या कमानी वाकवून चटई किंवा ताडपत्री बांधायची. मुक्कामावर बंडीखालच्या सावलीत लुगड्याची झोळी बांधली की तान्ह्याची सोय झाली. आणि तीच तणस बैलांचा चाराही होती. वाट जसजशी सरे तसतसे अंथरूण पातळ होई, असे एक सुतारबाबा हसत सांगत.

आणखी एक गोष्ट गाडीवानाला सांभाळावी लागे. दोन चाकांच्या गाडीत वजन मागे गेले की ती उलाळ होते, म्हणजे पुढून उचलली जाते आणि बैलांच्या गळ्याला जोते आवळतात. फार पुढे आले तर जू खांद्यावर बसते. आखूड रेंगीत एक मूल मागे सरकले तरी तोल बिघडतो. लांब बंडीत सामानाची पेटी, भांडी आणि म्हाताऱ्या माणसांच्या जागा ठरवून तोल साधता येतो. मग मुले आत लोळली काय आणि भांडली काय, बैलांना त्याचे काही नसते.

लाखनीपुरते बोलायचे तर या निवडीला फार महत्त्व होते. नागपूरहून भंडारा, लाखनी, साकोलीवरून रायपूरकडे जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड हा आमचा जुना राजरस्ता, आजचा राष्ट्रीय महामार्ग ५३. पण रेल्वे लाखनीला आली नाही. सडक सोडली की पुढे धानाचे बांध, नाले आणि जंगलवाटा. महाशिवरात्रीला प्रतापगडच्या यात्रेला जायचे तर साकोली, नवेगावबांधच्या बाजूने दोन दिवसांची वाट. बैल तासाला तीन-चार किलोमीटर चालणार. म्हणजे प्रवास हेच दोन दिवसांचे घर. स्वयंपाक, झोप, आजारपण, सगळे त्यातच.

हीच निवड दूर अमेरिकेतही झालेली दिसते. १८४० ते १८६०च्या दशकांत हजारो कुटुंबे बैल जुंपलेल्या गाड्यांतून ओरेगॉनकडे निघाली. पेन्सिल्व्हेनियातली भलीमोठी कोनेस्टोगा गाडी चित्रांमुळे प्रसिद्ध झाली, पण एवढ्या लांबच्या वाटेला ती फार जड होती. कुटुंबांनी पसंत केली ती साधी शेतीची गाडी, सुमारे दहा फूट लांब आणि चार फूट रुंद, वर कापडाचे छत. ती सामानानेच भरे, म्हणून धडधाकट माणसे पायीच चालत. गाडीतून पडून चाकाखाली आलेल्या मुलांच्या नोंदी त्या प्रवाशांच्या रोजनिशींत आहेत. त्या वाचताना मला दर वेळी आत्या आठवते. उलट, हौसेखातर बांधलेली पहिली नामांकित फिरती गाडी म्हणजे गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश डॉक्टरची 'वाँडरर'. ती १८८५ मध्ये ब्रिस्टलच्या कारखान्यात तयार झाली. वजन सुमारे दोन टन, ओढायला दोन घोडे. सोबत गाडीवान आणि नोकर होते. लेकरांची सोय हा प्रश्न त्या सफरीत नव्हताच.

आता भाचीच्या गाडीकडे येतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यात एका आसाची, दोन आसांची, तंबूची, घडीची असे प्रकार दिलेले आहेत. ढोबळ मानाने निवड दोन बाजूंची: मोटारीमागे ओढायची गाडी किंवा एंजिनासकट असलेले मोटारघर. ओढायच्या गाडीत आपला जुना उलाळाचा नियम जसाच्या तसा लागू आहे. जड सामान आसाजवळ आणि वजन किंचित पुढे ठेवले नाही तर ती रस्त्यावर डोलू लागते. मोटारघरांत अमेरिकेत तीन वर्ग मानतात: बसएवढे मोठे 'ए', व्हॅनमध्ये बसवलेले 'बी', आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा बिछाना असलेले 'सी'. मुलांची कुटुंबे 'सी'कडे वळतात ती त्या माळ्यामुळे. मुले वर निजतात, खालचा बिछाना रोज मोडून मांडावा लागत नाही. माळ्याला कठडा मात्र हवा. आमच्या तट्ट्याचेच ते काम.

पण इथे आजीचे वाक्य जसेच्या तसे लावले तर घात होईल. तासाला चार किलोमीटर चालणाऱ्या बंडीत बसायची जागा आणि निजायची जागा एकच असू शकत होती. ऐंशीच्या वेगाने धावणाऱ्या गाडीत ती एक असता कामा नये. जाहिरातीत 'सहा जण झोपतील' असे लिहिलेले असते. पट्टा बांधून, पुढे तोंड करून किती जण बसतील, हा आकडा वेगळा असतो आणि पुष्कळदा लहान असतो. धाकटीची बालआसंदी पक्की बसेल अशी जागा आहे का, हेही पाहावे लागते. ओढायच्या गाडीत तर चालताना मुलांना बसवायचेच नाही; इंग्लंडात कायद्यानेच मनाई आहे. आजीने एकच प्रश्न विचारला होता. भाचीला दोन विचारावे लागतील: गाडी चालताना लेकरू कुठे असेल, आणि गाडी थांबल्यावर कुठे निजेल?

आमच्या लाखनीचा शंकरपट जुना आणि नावाजलेला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यामुळे हलकी, वेगवान गाडी टिकली. तिच्या बैलांची नावे लोकांना पाठ आहेत. लेकरांना निजवत नेणाऱ्या बंडीची अशी आठवण कोणी ठेवली नाही. आमची बंडी मोडली तेव्हा तिचे आरे चुलीत गेले आणि लोखंडी धावा भंगारात. रेंगीचे एक चाक मात्र आजोबांची आठवण म्हणून ओसरीला टेकवून ठेवले आहे.

भाचीला मी सांगितले, डोक्यावर माळा असलेली घे, पण चौघांसाठी पट्ट्याच्या चार जागा आधी मोजून घे. रात्री गाडी चालवू नका. आणि मंडईच्या दिवशी गाडी मंडपापासून फार लांब लावू नका. लेकरांना झोपेत पेटीचे सूर ऐकू आले पाहिजेत.