नवे गुन्हे आणि कारागृहांवरील भार (वऱ्हाड)

एखादे कृत्य नव्याने गुन्हा ठरले किंवा जुन्या गुन्ह्याची शिक्षा वाढली, की बराकीतील जागा, पहारा, शिधा, दवाखाना आणि पेशीसाठीची पोलीस गारद यांवर येणारा ताण. वऱ्हाडात तो मुख्यतः अमरावती मध्यवर्ती व अकोला जिल्हा कारागृहावर पडतो. मोर्शीचे खुले कारागृह निवडक पक्क्या (शिक्षा झालेल्या) कैद्यांसाठी असल्याने नव्या अटकांची गर्दी तिकडे वळवता येत नाही.

1930 : खारपाणपट्ट्यातील दहीहांडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून कायदेभंग झाला. जुलैमध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातील गवत कापले. भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 नुसार अशा कृत्याला कमाल सहा महिने कैद होती. गवत कापणे हे शेतकऱ्याचे रोजचे काम. तेच गुन्हा ठरल्यावर विळा हाती घेणारा कोणीही कैदी होऊ शकत होता, आणि सत्याग्रहाची ताकद नेमकी यातच होती. 5 मार्च 1931 च्या गांधी-आयर्विन करारानंतर अहिंसक सत्याग्रही सुटले. म्हणजे तुरुंग मोकळे झाले ते तडजोडीने. वनकायदा तसाच राहिला.

गुन्हेगार जमाती : 1871 च्या कायद्याने जन्मच संशयास्पद ठरवला. त्या मालिकेतील कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी त्यात गणल्या गेलेल्या पारध्यांवरील शिक्का पुसला गेला नाही. असे शिक्के जपणारा कारागृह नियमांतील जातिभेद सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी घटनाबाह्य ठरवला.

जामीन : कारागृह भरते ते शिक्षेपेक्षा जामिनाच्या अटींमुळे. 2022 अखेर महाराष्ट्रात सुमारे 25,000 जागांत 41,000 च्या आसपास बंदी होते. पाचांपैकी चार कच्चे (खटला प्रलंबित असलेले) कैदी. मकोका (महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, 1999) जामीन अवघड करतो आणि आरोपपत्राची मुदत 180 दिवसांपर्यंत वाढवू देतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही संघटित गुन्हेगारी (कलम 111) स्वतंत्र गुन्हा आहे, मात्र जामिनाचा तसा कडक निर्बंध तिथे नाही. दोन्ही कायद्यांच्या सरमिसळीबद्दल मतभेद आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 479 पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ भोगल्यावर जामिनाची वाट देते; जन्मठेप वा फाशीच्या गुन्ह्यांना ते लागू नाही. एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असणाऱ्यांनाही ती सवलत मिळत नाही, आणि वारंवार संशयावरून उचलले जाणारे गरीब याच अटीत अडकतात.

खर्च : फौजदारी कायदा समवर्ती सूचीत, तुरुंग राज्यसूचीत. त्यामुळे गुन्हा दिल्लीत ठरला तरी शिधा राज्याच्या तिजोरीतून येतो. विधेयक मांडताना किती बराकी लागतील याचा अंदाज देण्याची पद्धत देशात रूढ नाही. तो अंदाज सक्तीचा असायला हवा.

समाजसेवेची शिक्षा : कैदेला पर्याय म्हणून न्याय संहितेत ती आहे, पण सहा किरकोळ गुन्ह्यांपुरती.