बुटाच्या तळाचं भोक

आमच्या धाकटीने २०१८ साली जाहीर केलं, "बाबा, मी मेडिकलला जात नाही. एपिडेमिऑलॉजीत मास्टर्स करणार." पुण्याच्या आत्याने फोनवर विचारलं, "म्हणजे कातडीची डॉक्टर का रे?" खरं सांगतो, मलाही तेवढंच माहीत होतं, आणि मी चांगलाच नाराज होतो. साथरोगशास्त्र शिकून पोरगी करणार काय? पेशंट नाही, दवाखाना नाही! वाद घालायला मुद्दे हवेत म्हणून वाचायला बसलो, आणि वाचतच राहिलो.

माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी घरात उंदीर मरून पडायला लागले की लोक गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहायचे. शहाणपण होतं, कारण ठाऊक नव्हतं. मुंबईत मांडवीला डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला तो १८९६ साली. १८९८ साली सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत उंदरांवरच्या पिसवांकडे बोट दाखवलं, पण फारसं कोणी मनावर घेतलं नाही. शेवटी १९०५ नंतर मुंबईत प्लेग कमिशनने गिनीपिग पिंजऱ्यांत ठेवून पाहिले. जमिनीवरच्यांना प्लेग झाला. पिसवांची उडी पोचणार नाही इतके वर टांगलेले वाचले. आजीचं कोडं तिथे सुटलं होतं.

अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये रॉकफेलरच्या पैशातून १९१६ साली सार्वजनिक आरोग्याची शाळा निघाली. तिथे शिकलेला अलेक्झांडर लँगम्यूर पुढे अटलांटाच्या सीडीसीत आला. १९५१ साली कोरियाचं युद्ध चालू होतं, शत्रू रोगजंतू सोडेल अशी धास्ती होती. या पठ्ठ्याने त्या धास्तीचा उपयोग करून तरुण डॉक्टरांना दोन वर्षं साथींमागे धाडायची योजना मंजूर करून घेतली. तीच एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस. तिचं चिन्ह म्हणजे भोक पडलेला बुटाचा तळ, कारण काम दारोदार फिरण्याचं!

१९५५ च्या एप्रिलमध्ये साल्क यांची पोलिओची लस आली आणि दोन आठवड्यांत लस घेतलेली काही मुलंच लुळी पडू लागली. अनेकांच्या बाबतीत ज्या हातावर सुई टोचली, तोच हात आधी गेला. लँगम्यूरच्या पोरांनी प्रत्येक मुलाची नोंद घेतली. कुठली लस, कधी, लक्षणं केव्हा? बोट मुख्यतः कटर या एकाच कंपनीच्या मालाकडे गेलं. तिच्या लशीत जिवंत विषाणू राहिले होते. लसीकरण थोडं थांबलं, तपासण्या कडक झाल्या आणि पुन्हा सुरू झालं. ही मोजदाद झाली नसती तर आईबापांनी लसच नाकारली असती, असं मला वाटतं.

इथे माझे मुद्दे संपले.

२०२० साली लेक आमच्याच घरी, वरच्या खोलीतून दिवसभर कोविडबाधितांना फोन करायची. "कोणाकोणाला भेटलात?" लोक शिव्या द्यायचे, काही रडायचे. तिच्या वर्गातली एक मुलगी कॅन्सरच्या नोंदणीत गेली, एक औषध कंपनीत, एकजण इस्पितळात जंतुसंसर्गावर लक्ष ठेवतो. पगार डॉक्टरांच्या जवळपास नाही, हे लपवत नाही. लेक आता पीएच.डी. करते आहे, लँगम्यूरच्या त्या योजनेत अर्ज करायचा म्हणते.

आत्याला मात्र अजून कुठे खाज सुटली की तिचाच नंबर हवा असतो.