एलडीएल कणांचा आकार
एलडीएल : रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण. प्रत्येक कणावर अपोबी-१०० या प्रथिनाचा एकच रेणू असतो. म्हणून अपोबी मोजले की कणांच्या संख्येचा अंदाज येतो. पोटाभोवती चरबी साठली आणि आहारात साखर-मैदा वाढला, की यकृत ट्रायग्लिसराइड या मेदाने भरलेले व्हीएलडीएल कण अधिक सोडते. त्यांच्याशी देवघेव होताना एलडीएलमधले कोलेस्टेरॉल जाते, ट्रायग्लिसराइड येते. ते यकृतातील लायपेज या विकराने तोडल्यावर लहान, घट्ट कण उरतात. अशा वेळी एलडीएल कोलेस्टेरॉलचा आकडा बेताचा दिसला, तरी कणांची संख्या जास्त असू शकते. लोणी-तुपातील संपृक्त मेदाने मुख्यतः मोठे कण वाढतात. तेही निर्धोक नव्हेत. वजन घटल्यास ट्रायग्लिसराइड सहसा उतरते आणि लहान कणांचे प्रमाण कमी होते.